पोस्टर, खळ आणि किंमत

जुन्या सिनेमाच्या पोस्टरचा भाव ठरताना आधी चित्रपट पाहिला जातो. मग पोस्टर कोणी रंगवले, ते पहिल्या प्रदर्शनाचे की पुनर्प्रदर्शनाचे, आणि तशा किती प्रती उरल्या आहेत, हे पाहिले जाते. एवढे झाले की जाणकार गिऱ्हाईक पोस्टर उलटे करते. पाठ कोरी आहे, तिला कापड लावले आहे, की सगळे पोस्टर हार्डबोर्डवर डकवून टाकले आहे, यावर पुढची घासाघीस होते. समोरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन प्रती केवळ पाठीमुळे वेगवेगळ्या किमतीला जातात. कापड लावले की भाव चढतो, असा एक समज आहे. काहीही चिकटवले की पोस्टर बाद, असा दुसरा. दोन्ही अर्धवट आहेत. चिकटवलेले कागदाला इजा न होता पुन्हा सोडवता येते का, हा खरा प्रश्न आहे. बाकीचे बरेचसे त्याच्या उत्तरावर ठरते.

पोस्टर टिकावे म्हणून कोणी छापत नव्हते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या मूकपटाचे पोस्टर हे भारतातले उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रपट-पोस्टर मानले जाते. तेव्हापासून आधी शिळाछापावर आणि पुढे ऑफसेटवर पोस्टरे निघत राहिली. त्यातली नेहमीची म्हणजे साधारण ३० बाय ४० इंचांची. कागद स्वस्तातला, पातळ, लाकडाच्या लगद्याचा. अशा कागदातले लिग्निन आणि त्याला पाणी धरू नये म्हणून वापरलेली तुरटी यांच्यामुळे त्यात आम्ल वाढत जाते. कागद आधी कडेने पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. छापखान्यातून पोस्टर घडी घालूनच बाहेर पडे, त्यामुळे घडीच्या आडव्या-उभ्या रेषा ही त्याची जन्मखूणच म्हणायची. नुसत्या घडीमुळे जुन्या पोस्टरची किंमत फारशी उतरत नाही. घडीवर कागद फाटला किंवा रंग उडाला तर उतरते.

पूर्व विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात ही पोस्टरे वितरणाच्या वाटेने आली. चित्रपट-वितरणात हा मुलूख ‘सी. पी. बेरार’, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या पट्ट्यात मोडतो. जुना मध्य प्रांत केव्हाच गेला, १९९९ मध्ये गोंदियाही भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण सिनेमाच्या धंद्यात ते नाव टिकून राहिले. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या भिंतींवर जी पोस्टरे लागली ती एका पावसाळ्यातच गेली. त्यांच्यावर पुढच्या आठवड्याचे पोस्टर चढले, नंतर त्याच्यावर तिसरे. आज बाजारात जे येते ते न लागलेले असते: वितरकाच्या गोदामात उरलेले, चित्रपटगृहाच्या माळ्यावर पडलेले, नाहीतर एखाद्या शौकिनाने मागून नेऊन पेटीच्या तळाशी अंथरलेले. म्हणजे हे पोस्टर वाचले ते खळीपासून वाचले म्हणून. त्याला आता खळ लावायची की नाही, हा निर्णय त्यामुळेच विचाराने घ्यावा लागतो.

कापडावर चढवण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मोठाली रंगीत जाहिरात-पोस्टरे जमवण्याची हौस वाढली, तेव्हापासून संग्राहक त्यांना मागून कापड लावत आले आहेत. महाराष्ट्रात हेच काम वेगळ्या कारणासाठी सर्रास होत होते. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आणि महसूल खात्यातला गावनकाशा हे रोज उलगडून पुन्हा गुंडाळायचे, म्हणून कापडावर डकवलेले असत. नुसत्या कागदाचे घडीवर तुकडे पडतील तेव्हा कापडावरचा नकाशा दोन पिढ्या वापरात राहतो, हे तलाठ्याच्या दप्तरात कधीकाळी डोकावलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

चांगल्या हाताखाली पोस्टरचे काम असे चालते. लाकडी चौकटीवर सुती कॅनव्हास ताणून बसवतात. त्यावर आम्लमुक्त पातळ कागदाचा एक थर खळीने चिकटवतात, बहुधा लांब धाग्याचा जपानी पद्धतीचा कागद. हा मधला थर कापडाची वीण पोस्टरच्या पृष्ठभागावर उमटू देत नाही आणि कापडातला दोष पोस्टरपर्यंत पोहोचू देत नाही. दरम्यान पोस्टरची शाई पाण्याला टिकते का, हे कोपऱ्यात थेंब ठेवून तपासलेले असते. टिकत असेल तर पोस्टर पाण्यात भिजवून धुतात. पाण्यात पिवळा रंग उतरतो आणि त्याबरोबर आम्लाचा काही भागही जातो. पुढे सौम्य अल्कली असलेल्या पाण्याने उरलेले आम्ल मारतात. मग ओले पोस्टर पालथे घालून त्याला खळ लावतात, उचलून मधल्या कागदावर ठेवतात आणि मध्यापासून कडेकडे ब्रश फिरवत हवा काढतात. फाटलेल्या कडा एकमेकींना नेमक्या भिडवायच्या त्या याच वेळी, कारण ओला कागद सरकतो, वाळलेला सरकत नाही. चौकट काही दिवस तशीच राहू देतात. वाळताना कॅनव्हास ताठ होतो आणि घड्या आपोआप सपाट होतात. शेवटी चौकटीवरून काढताना पोस्टरच्या चारी बाजूंनी थोडे कापड राखून कापतात, म्हणजे हाताळताना बोट पोस्टरला लागत नाही.

या सगळ्यात निर्णायक गोष्ट खळ. संवर्धनात वापरतात ती गव्हाच्या स्टार्चची, आणि मराठी घराला ती अनोळखी नाही. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात तो मुळात हाच पदार्थ. मैद्याची खळ यापेक्षा वेगळी असते, कारण मैद्यात गव्हाचे प्रथिन तसेच राहते. ते वाळले की कडक होते, पाण्याने नीट सुटत नाही आणि कसर-झुरळांना बोलावते. स्टार्चमधून ते काढून टाकलेले असते. एक भाग स्टार्च आणि चार-पाच भाग पाणी मंद आचेवर सतत ढवळत शिजवतात, थंड झाल्यावर चाळणीतून दोन-तीनदा घासून काढतात आणि ताकासारखी पातळ करून वापरतात. ही खळ वर्षांनंतरही ओलाव्याने मऊ होते, आणि पोस्टर पुन्हा कागदाचा सुटा ताव होऊ शकते. कुरडईचा चीक मात्र थेट वापरू नये. तीन दिवस भिजलेल्या गव्हाला आंबटपणा चढलेला असतो आणि आम्ल हाच तर जुन्या कागदाचा शत्रू.

बुकबाइंडरांच्या आणि पोस्टर लावणाऱ्यांच्या खळीत पूर्वापार मोरचूद पडत आले आहे. किडे लागू नयेत म्हणून ते घालतात आणि त्या कामापुरते ते चालतेही. पण मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. तांबे कागदाची झीज वाढवते आणि काही वर्षांत कागद तपकिरी होऊन पापडासारखा मोडतो. घरच्या घरी किंवा जवळच्या बाइंडरकडून मांजरपाट लावून घेतलेल्या जुन्या पोस्टरांना अनुभवी खरेदीदार हात आखडता घेतो तो यामुळे. कापड आहे एवढ्यावर भागत नाही. कापडामागे कोणती खळ आहे, मधला कागद आहे की नाही, हे त्याला कळायला हवे असते.

आता किमतीकडे. पोस्टर घडीवर फाटलेले आहे, कोपरे गेलेले आहेत, हातात धरले तर तुकडा पडेल अशी अवस्था आहे, तर नीट लावलेल्या कापडाने किंमत वाढते. कापडाने कागदाचे वय कमी होत नाही; पोस्टर हाताळता येते, टांगता येते, पाठवता येते, म्हणून गिऱ्हाईक जास्त देते. पोस्टर मध्यम अवस्थेत असेल तर कापडाने किमतीत फारसा फरक पडत नाही, दिसायला मात्र बरे होते. आणि पोस्टर उत्तम अवस्थेत असेल, घडीशिवाय दुसरा दोष नसेल, तर त्याला कापड लावणे ही उधळपट्टी आहे. गंभीर संग्राहकाला न शिवलेला कागद हवा असतो. असे पोस्टर कापडावर चढवले की त्याने नाकारण्याचे एक कारण आपणच पुरवलेले असते. शिवाय कापड लावण्याचा खर्च पोस्टरच्या दर्जाप्रमाणे बदलत नाही, तो आकारमानाप्रमाणे ठरतो. साध्या, भरपूर प्रती असलेल्या ऐंशीच्या दशकातल्या पोस्टरला तो खर्च केला तर विक्रीतून तोही सुटत नाही.

आकार मोठा असेल तर मात्र हिशेब बदलतो. अनेक तावांत छापलेली सहा-शीटसारखी पोस्टरे भिंतीवर जोडूनच पूर्ण व्हायची. सुट्या तावांत ती कधी कोणाला पुरती दिसत नाहीत, आणि एखादा ताव हरवला तर बाकीच्यांची किंमत रद्दीची. अशी पोस्टरे कापडावर एकत्र जुळवून घेणे योग्यच. अमेरिकेतली तीन-शीटची जुनी पोस्टरेही याच कारणाने बहुधा कापडावर आढळतात. उलट, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हॉलिवूडने प्रकाशपेटीत लावण्यासाठी दोन्ही बाजूंनी छापलेली पोस्टरे काढली. त्यांच्या पाठीवर उलटे फिके चित्र असते आणि तेच त्यांच्या अस्सलपणाचा पुरावा. त्यांना कापड लावले तर पुरावाच झाकला जातो.

खरे नुकसान होते ते बोर्डावर. फ्रेमच्या दुकानात पोस्टर दिले की ते सपाट दिसावे म्हणून हार्डबोर्डवर किंवा फोमच्या फळीवर पक्के चिकटवून देण्याची रीत आहे. कधी पांढऱ्या सुतारी गोंदाने, कधी रबरी सोल्युशनने, कधी गरम दाबाखाली वितळणाऱ्या चिकट पापुद्र्याने. दिसायला काम झकास होते. पण सुतारी गोंद वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. रबरी सोल्युशन तपकिरी डाग होऊन पुढच्या बाजूला येते. गरम दाबाचा पापुद्रा काढायला उष्णता आणि रासायनिक द्रावक लागतात, आणि तरीही पातळ कागद सोलला जाण्याची भीती राहतेच. हार्डबोर्ड स्वतःच लाकडाचा, आम्लयुक्त, म्हणजे पोस्टर कायमचे आम्लाला टेकून बसते. बाजारात अशा पोस्टरची गणना खराब मालात होते, चित्र कितीही ताजे दिसो. सगळ्यांत वाईट लॅमिनेशन. प्लास्टिकचा थर चित्राच्या अंगावरच बसतो, तो काढताना शाई त्याच्याबरोबर येते. लॅमिनेट केलेल्या अस्सल पोस्टरला संग्राहकांच्या बाजारात जवळपास भाव उरत नाही. हे हळहळण्यासारखे आहे, कारण बहुतेक वेळा मालकाने ते पोस्टर जपावे म्हणूनच लॅमिनेट केलेले असते.

भंडाऱ्याचे हवामान यात भर घालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठाक असते. जुलैत धानाच्या बांध्या भरतात आणि तळ्यांच्या या जिल्ह्यात घराच्या भिंतींनाही ओल चढते. कागद ओलाव्याने पसरतो, कोरडेपणाने आकसतो. बोर्डाला जखडलेला कागद बोर्डाच्या चालीने हलतो, स्वतःच्या नाही. मग कुठे फुगा येतो, कुठे चीर पडते. कापड आधी धुऊन, आटवून घेतलेले नसेल तर तेही पावसाळ्यात लाटा धरते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहरातल्या वस्त्यांमध्ये शिरले होते. अशा पाण्यात स्टार्चची खळ सुटते, हा तिचा गुण तेवढ्यापुरता अवगुण ठरतो. तरी कापडापासून सुटलेले पोस्टर पुन्हा लावता येते. भिजून फुगलेला हार्डबोर्ड मात्र पोस्टरला सोबत घेऊन जातो.

कापड लावताना पाठ झाकली जाते, याकडे विक्रेते सहसा लक्ष वेधत नाहीत. पाठीवर बरेच काही असू शकते: चित्रपटगृहाचा शिक्का, वितरकाच्या कारकुनाने पेन्सिलीने लिहिलेले चित्रपटाचे नाव, शेजारच्या पोस्टरची उमटलेली शाई. जुन्या कागदाचा पोत आणि त्याचे पिवळेपणही पाठीवर सर्वांत प्रामाणिकपणे दिसते. गाजलेल्या चित्रपटांची पोस्टरे पुनर्प्रदर्शनाच्या वेळी पुन्हा छापली जात. ‘दीवार’ (१९७५) सारख्या चित्रपटांची, दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांच्या हातची पोस्टरे आज मागणीत आहेत आणि त्यांच्या नव्या नकलाही निघतात. नवी नक्कल कापडावर चढवली, कडा जराशा मळवल्या की तिचे वय ओळखणे अवघड होते. म्हणून कापडावरचे पोस्टर विकत घेताना तळाची छापखान्याची ओळ वाचावी, भिंगाखाली छपाई पाहावी आणि कापड लावण्यापूर्वीचा पाठीचा फोटो मागावा. फोटो असेल तर विश्वास वाढतो, आणि किंमतही.

डागडुजीचेही तसेच. कापड लावल्यावर फाटलेल्या घडीवर रंग भरतात, गेलेला कोपरा नव्या कागदाने जोडून रंगवतात. फाटलेल्या रेषेपुरता रंग भरणे सर्वमान्य आहे. पण नायिकेचा अर्धा चेहरा नव्याने रंगवला असेल तर ते पोस्टर मूळ चित्रकाराचे किती आणि कारागिराचे किती, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो खरेदीदाराला विचारता आला पाहिजे. तिरप्या प्रकाशात धरले की भरलेला रंग चमकेत वेगळा दिसतो. अतिनील दिव्याखाली बहुतेक वेळा स्पष्टच होतो. केलेली दुरुस्ती सांगून विकलेल्या पोस्टरची किंमत थोडी उतरते. लपवलेली दुरुस्ती उघडी पडली तर विक्रेत्याकडच्या सगळ्याच मालाची उतरते.

एका प्रकाराला हे सगळे नियम उलटे लागतात. चित्रपटगृहाच्या काचेच्या कपाटात लागणारी शोकार्डे मुळातच पुठ्ठ्यावर बनवलेली असत. कृष्णधवल फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, त्यावर हाताने रंग द्यायचा आणि नावे रंगवायची. इथे पुठ्ठा हा कलाकृतीचाच भाग आहे. तो आम्लयुक्त आहे, कोपऱ्यांनी दबला आहे, म्हणून फोटो सोडवून नव्या बोर्डावर लावले तर शोकार्ड संपते आणि फोटोंचे तुकडे उरतात. हाताने लावलेला रंग पाण्याला टिकेलच असे नाही, त्यामुळे धुण्याचा विचारही करू नये. शोकार्डाला मागून आम्लमुक्त पुठ्ठ्याचा नुसता आधार द्यावा, चिकटवू नये.

चिकटवणे टाळूनही पोस्टर सुरक्षित ठेवता येते, आणि बहुतेक पोस्टरांसाठी तेच पुरेसे आहे. आम्लमुक्त कागदाच्या घडीत सपाट ठेवणे हा पहिला उपाय. दुसरा, पारदर्शक पॉलिस्टरच्या दोन तावांमध्ये ठेवणे. एक-दोन कडा उघड्या ठेवायच्या, म्हणजे ओल कोंडत नाही. पीव्हीसीचे स्वस्त प्लास्टिक वापरू नये, ते कालांतराने चिकट होते. फ्रेम करायचीच असेल तर वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या स्टार्चच्या खळीने लावून पोस्टर टांगते ठेवावे, काच आणि कागद यांच्यात फट राखावी आणि फ्रेम पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नये. सेलोटेप तर कुठेच नको. तिचा पिवळा डाग चित्रात उतरतो आणि मग कापड लावूनही तो झाकत नाही. एकावर एक चिकटलेली पोस्टरे सापडली तर ती कोरडी ओढून सोडवू नयेत.

काम मोठे असेल तर ते शिकलेल्या हातात द्यावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांबरोबर पोस्टरेही जतन करत आले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे, आणि लखनौला सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. बाजारातल्या कारागिराकडे जायचे असेल तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: खळ कशाची, मधला कागद कोणता, आणि लावलेले कापड स्वतःच काढून दाखवशील का. तिसऱ्या प्रश्नाला जो बिचकतो त्याच्याकडे पोस्टर ठेवू नये.

भंडारा जिल्ह्यात सिनेमाइतकाच नाटकाचा कागद भिंतीवर चढतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, भरू लागल्या की झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या मुलखातली, नाटके गावोगाव सुरू होतात, वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची पोस्टरे लाखांदूर-साकोलीकडच्या चौकांत लागतात आणि प्रयोगाबरोबर फाटून जातात. त्यांना आज बाजारभाव नाही. जुन्या हिंदी सिनेमाच्या पोस्टरांनाही एकेकाळी नव्हता. जगात १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चे एक पोस्टर २०१७ मध्ये सव्वापाच लाख डॉलरच्या वर लिलावात गेले, तेही आपल्या काळी भिंतीवर चिकटवून विसरून जाण्यासाठीच छापलेले होते. झाडीपट्टीच्या पोस्टरांची एकेक कोरी, न लागलेली प्रत प्रत्येक हंगामात कोणीतरी बाजूला काढून ठेवायला हवी. कापड नको, बोर्ड नको, फक्त सपाट आणि कोरड्या जागी.

ज्यांच्याकडे आधीच कापडावर चढवलेली किंवा पुढे चढवायची पोस्टरे आहेत, त्यांनी प्रत्येक पोस्टरसाठी एक कागद ठेवावा. काम होण्यापूर्वीचे पुढचे आणि मागचे फोटो, काम कोणी व केव्हा केले, कोणती खळ वापरली, कुठे रंग भरला, आणि कारागिराची पावती. हा कागद पोस्टरबरोबरच नव्या मालकाकडे जावा.